सतराव्या वर्षाचा शेवटचा भाग

४ मे

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार वगैरे नंतर. आधी भांडण.

तुझ्या मालिकेतल्या व्हॅम्पायरना रक्तातलं ओ की ठो कळत नाही. कालच्या भागात तुमची नायिका, ती नवी, हॉस्पिटलमधून रक्ताची पिशवी पळवते, गच्चीवर जाऊन अर्धी पिते, तेवढ्यात तिच्या कॉलेजातला तो पोहणारा मुलगा वर येतो म्हणून घाबरते आणि उरलेली अर्धी खाली फेकून देते. पिशवी कुणाच्या तरी गाडीवर फुटते, मागे व्हायोलिन वाजतं. मावशी, ती पिशवी माझी होती.

खरंच सांगते. काल माझा रक्ताचा दिवस होता. आई चष्म्याचं दुकान बाबांवर टाकून माझ्याबरोबर आली. मी वॉर्डातल्या माझ्या खुर्चीत बसले, सुई लागली, आणि मोठ्या सिस्टर सांगत आल्या की तुझ्या गटाची एकच पिशवी शिल्लक आहे, दुसरीची वाट बघू. परीक्षांमुळे कॉलेजं बंद आहेत, आणि कॉलेजं बंद असली की रक्त देणारे कमी होतात. दुसरी आलीच नाही. एका पिशवीवर घरी आले, सोफ्यावर आडवी झाले, टीव्ही लावला, तर ही बया अर्धी पिशवी गच्चीवरून भिरकावतेय.

आणि ती सारखी रडते का? दुसऱ्याचं रक्त लागतं याची तिला इतकी लाज वाटते की दर भागात एकदा तरी खिडकीशी उभी राहून डोळे पुसते. मला थॅलेसेमिया आहे, माझं शरीर जन्मापासून धड रक्त बनवत नाही. तुझी नवी दोनशे वर्षांची असेल, पण दर तीन आठवड्यांनी परक्याचं रक्त घेऊन जगायचं काम मी तिच्यापेक्षा नेमाने केलंय. मी नाही रडत. मी सिस्टरना थँक्यू म्हणते आणि झोप काढते.

परीक्षा संपेपर्यंत आईने मोबाइल जप्त केलाय, म्हणून हे पत्र. उत्तर पत्रानेच दे.

तुझी रागावलेली,
मुंगी

*

१३ मे

लाडके मुंगे,

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. तुला विचारायला हवं होतं, पण पहिलं वाक्य वाचल्यावर मला धीर धरवला नाही.

आमचं ऑफिस म्हणजे एका ड्रायक्लीनरच्या दुकानावरची लांबुळकी खोली. दिवसभर खालून वाफेचा वास येतो. मधे टेबल, भोवती आम्ही पाच लिहिणारे, आणि समोरच्या भिंतीवर कार्डं टाचलेली, एका प्रसंगाचं एक कार्ड. ‘सतरावं वर्ष’ची सगळी बाराखडी त्या भिंतीवर आहे. कायमची सतरा वर्षांची राहिलेली मुलगी दोनशे वर्षांत कितव्यांदा तरी कॉलेजात नाव घालते, आणि वर्गातली सगळ्यात म्हातारी असून सगळे तिला ‘नवी’ म्हणतात. या एका विनोदावर आमची तीन वर्षं चूल पेटतेय.

‘ती पिशवी माझी होती’ इथे मी आले तेव्हा खोलीत कुणी हसलं नाही. आमचे मुख्य लेखक उठले, भिंतीजवळ गेले आणि ते गच्चीचं कार्ड काढून त्यांनी खिशात घातलं. दाखवून झालेल्या भागाचं कार्ड काढून काय उपयोग, असं कुणीतरी म्हणालं. ते म्हणाले, मला समोर दिसायला नको.

मग ते मला म्हणाले, भाचीला विचारा, खरं काय होतं. आम्ही पाचही जण आजवर अंदाजपंचे लिहीत होतो. तेव्हा विचारते. रक्त आत जाताना काय वाटतं? आधी काय, नंतर काय? सांगावंसं वाटलं तरच सांग.

अभ्यास कर. निदान पुस्तक उघडं ठेव.

तुझी,
मावशी

*

२८ मे

प्रिय मावशी,

सांगते, पण फुकट नाही. नवीचं खिडकीतलं रडणं बंद व्हायला हवं.

आधी काय वाटतं ते ऐक. तारीख जवळ आली की माणसं शेजारच्या खोलीतून बोलताहेत असं वाटायला लागतं. समोर बसून आई बोलत असते, शब्द कळतात, पण ते दुसऱ्या कुणासाठी आहेत असं वाटतं. जिन्याच्या मधल्या कठड्याशी मी चप्पल नीट करायला थांबते. चप्पल नीटच असते.

मग रक्त. रक्त फ्रिजमधलं असतं, थोडा वेळ बाहेर ठेवलं तरी गारच. त्यामुळे पहिल्यांदा ताकदबिकद काही येत नाही, दंड गार पडतो. आतून. कोपरापासून खांद्यापर्यंत कुणीतरी ओला दोरा ओढत नेतंय असं. मी दुसऱ्या हाताने चोळत बसते. दुपारनंतर कान गरम होतात, आणि मग हळूहळू सगळी माणसं परत माझ्याच खोलीत येतात. डोळे लाल होऊन चमकणं वगैरे काही नाही.

आणखी एक. रक्ताबरोबर लोखंडही येतं. ते बाहेर पडत नाही, हृदयात आणि यकृतात साठत जातं. म्हणून ते काढायला रोज औषध. म्हणजे ज्याने जगायचं त्याचीच थोडी थोडी भीती बाळगायची. तुमच्या व्हॅम्पायरना हे झेंगट नाही, मजा आहे त्यांची.

माझ्या शेजारच्या खुर्चीत एक बँकवाला असतो. तिशी ओलांडलेला, माझाच आजार, लग्न झालेलं, तिथे बसून हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगा करतो. तोही ‘सतरावं वर्ष’ बघतो, पण बायकोला आवडतं म्हणून, असं सांगतो. त्याला मी विचारलं, तुला कधी वाटतं का, हे कुणाचं रक्त असेल? तो म्हणाला, रस्त्यात कोपराला कापसाचा बोळा चिकटवलेला माणूस दिसला की मी त्याला आधी रस्ता ओलांडू देतो.

हे तुला वापरायला दिलं. त्याची परवानगी घेतली आहे.

मुंगी

*

२२ जून

मुंगे,

बघितलास ना कालचा भाग? नवी करणारी नटी शूटिंगच्या आधी माझ्याकडे येऊन विचारून गेली, दंड कसा चोळायचा. वरून खाली की खालून वर. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, खालून वर. चुकलं असेल तर सांग, पुढच्या वेळी सुधारू.

खिडकी आम्ही कायमची बंद केली आहे. रडायचं असेल तर बाईसाहेबांनी दुसरी जागा शोधावी.

आता एक पंचाईत. चॅनेलच्या बाई दर गुरुवारी येऊन भिंतीसमोर उभ्या राहतात. या गुरुवारी म्हणाल्या की ऑक्टोबरमध्ये मालिका संपवायची, आणि शेवटच्या भागात नवीला माणूस करायचं. उन्हात उभी राहिलेली दिसली पाहिजे. कसं करायचं ते तुमचं तुम्ही बघा, असं सांगून त्या गेल्या. गेले चार दिवस आम्ही डोकं खाजवतोय. मुख्य लेखकांनी शेवटचा भाग माझ्यावर टाकलाय, कारण नवी आता सगळ्यात जास्त मलाच कळते असं त्यांचं म्हणणं. ती मला कळते ती तुझ्यामुळे, हे मी त्यांना सांगितलं नाही, थोडा भाव खाल्ला.

तुला काय वाटतं? तिने माणूस व्हावं का?

ताई बरी आहे ना? फोनवर हल्ली तुटक बोलते. दुकानात गर्दी असेल.

मावशी

*

३ जुलै

प्रिय मावशी,

दंड खालून वर हेच बरोबर आहे.

नवीचं म्हणशील तर मला एक सुचलंय. फुकटात माणूस होता येतं असं दाखवू नकोस. समज, तिच्यासाठी एक उपाय सापडतो. लांबच्या कुणा अनोळखी माणसाचं काहीतरी तिच्याशी तंतोतंत जुळतं. ते तिच्या आत घातलं तर तिला पुन्हा कधी कुणाच्या रक्ताची गरज पडणार नाही. पण त्यासाठी आधी तिच्या आतलं जुनं सगळं मारून टाकावं लागतं, आणि त्यात ती स्वतःही मरू शकते. बहुतेक वाचतील, काही नाही वाचणार, असं. लहानपणी केलं असतं तर सोपं होतं, पण तेव्हा जुळणारं कुणी मिळालं नव्हतं.

आणि दुसरीकडे, ती आहे तशीही जगू शकते. औषधं नीट घेतली तर पुष्कळ वर्षं. सवय आहे. वाईट नाही.

अशा वेळी तिने काय करावं? तू लेखिका म्हणून सांग. तिचे घरचे काय म्हणतील वगैरे मधे आणू नकोस, मला फक्त तिचं हवंय.

लवकर लिही.

मुंगी

*

८ जुलै

अगं मुंगे,

तू आमच्या टेबलाशी बसायला हवीस. इतके दिवस आम्ही पाच जण जे शोधत होतो ते तू एका पानात दिलंस. चुंबनाने माणूस, शापातून सुटका, हे सगळं मी आजच कचऱ्यात टाकलं.

तू विचारलंस त्याचं उत्तर मला विचारही न करता देता येतं. तिने उपाय करावा. अर्थात करावा. जी आहे तिथेच बरी आहे, तिची गोष्ट कोण बघेल? दोनशे वर्षं ती सतरावर अडकून बसली आहे, आणि वय वाढायचं असेल तर कधीतरी दारातून आत जावंच लागतं. मेली तरी चालेल, असं मी म्हणत नाही. पण मरेन या भीतीने ती दाराशीच उभी राहिली तर ती आत्ताच अर्धी मेलेली आहे, आणि हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

घरचे मधे आणू नकोस म्हणालीस, पण आणावे लागतील. कुणीतरी तिला अडवणारं हवंच. तिच्यावर सगळ्यात जास्त जीव असलेलं माणूस अडवेल, तर प्रसंग रंगेल.

आता मी लिहायला बसते. शेवटी तुझे आभार मानणारी पाटी टाकणार आहे, मग चॅनेलच्या बाई काहीही म्हणोत.

खूश झालेली,
मावशी

*

६ ऑगस्ट

धाकटे,

तुला फोन करायला गेले तर मी ओरडेन आणि मग काही सांगायचं राहील, म्हणून लिहिते.

तू मुंगीला पाठवलेलं पत्र तिने काल माझ्यासमोर ठेवलं. ‘बघ, मावशीसुद्धा म्हणते’ एवढंच म्हणाली.

तुझ्या मालिकेतल्या त्या पोरीची गोष्ट ती तुला सांगत नव्हती. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी आम्हाला बोलावून सांगितलं की देणाऱ्यांच्या यादीत मुंगीशी जुळणारा माणूस सापडला आहे. त्याच्या हाडांतला मगज मुंगीला द्यायचा. जमलं तर तिचं शरीर स्वतःचं रक्त करील. पण तिच्या वयाला, आणि यकृतात इतकं लोखंड साठलेलं असताना, दहातले एक-दोन त्यातून परत येत नाहीत. डॉक्टर सरळ माणूस आहेत, त्यांनी काही लपवलं नाही. तुला आम्ही सांगितलं नाही, कारण तू प्रत्येक गोष्टीचा प्रसंग करतेस. तेच केलंस.

ती लहान असताना मी या एका बातमीची किती वाट बघितली ते तुला माहीत आहे. आता बातमी आली, तर मीच पाय मागे घेतेय. हे मला कळतं. मुंगीचे बाबा दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासत बसतात आणि दोन्ही बाजूंनी काही बोलत नाहीत. अठरा पूर्ण नाहीत म्हणून आमची सही लागते, आणि ती मी अडवली आहे. थोडं थांबू, अजून नवी औषधं येतील, असं मी तिला पटवत आणलं होतं. मग तुझं पत्र आलं.

जी आहे तिथेच बरी आहे तिची गोष्ट कोण बघेल, असं विचारलंस ना? मी बघते. रोज सकाळी उठून बघते. मला तेवढीच गोष्ट पुरे होती.

ताई

*

९ ऑगस्ट

मुंगे,

ताईचं पत्र आलं. दोन दिवस मी ऑफिसला गेले नाही.

मी तुला जे लिहिलं ते मागे घेते. सगळं. ते मी एका खोट्या मुलीबद्दल लिहिलं होतं. ती मेली तर मेकअप पुसून घरी जाते. तुझ्याबद्दल आहे हे कळलं असतं तर त्यातला एक शब्द मी लिहिला नसता. मला या आजारातलं काही कळत नाही, डॉक्टरांना कळतं, आणि तुला ताईइतकं कुणी ओळखत नाही. तिचं ऐक. माझं पत्र फाडून टाक.

शेवटचा भाग मी मुख्य लेखकांना परत केला. माझ्याने तो होणार नाही. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, तुमचं कार्ड मी दुसऱ्याला देतो, तुम्ही घरी जा आणि भाचीला भेटा. मी यायला निघाले होते, पण ताईने सध्या येऊ नकोस म्हणून निरोप दिला. तिचंही बरोबर आहे.

मुंगे, एक ओळ तरी लिही. मी सांगितलं म्हणून तू काही करू नयेस, एवढंच मला हवंय.

मावशी

*

१६ ऑगस्ट

प्रिय मावशी,

तुझं आधीचं पत्र मी फाडलेलं नाही. हे नवीन मात्र फाडावंसं वाटलं.

तुला खरंच वाटलं, मी मालिकेच्या लेखिकेला विचारून हाडांतला मगज बदलणार? माझं ठरलं होतं. एप्रिलमध्ये डॉक्टर बोलत होते तेव्हाच, त्यांच्या टेबलावरचा तो प्लॅस्टिकचा सांगाडा बघता बघता ठरलं. तुला विचारलं ते दुसऱ्याच कारणासाठी.

माझ्याशी कुणी सरळ बोलतच नाही गं. डॉक्टर आकडे सांगतात. आई बोलायला लागते आणि तिचा आवाज फुटतो, मग मीच तिला पाणी देते. बाबा माझ्या चष्म्याची काच पुसून परत देतात, मला चष्म्याचा नंबर फारसा नाही तरी. मोठ्या सिस्टर म्हणतात, देवाची इच्छा. सगळे आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग बोलतात. माझ्या तोंडाकडे न बघता कुणी काय म्हणेल, ते मला एकदा ऐकायचं होतं. तसं बोलू शकणारी तू एकटीच होतीस, कारण तुला माहीत नव्हतं. म्हणून मुद्दाम सांगितलं नाही. तू मला नाही म्हणाली असतीस तरी मी गेलेच असते, पण मग जरा एकटी गेले असते.

आता तू पण तोंडाकडे बघून बोलायला लागलीस. बंद कर ते.

आईला पत्र दाखवलं ते मात्र वाईट केलं. भांडणात हाताला जे लागलं ते उचललं. तिची माफी मागितली आहे.

सही झाली. परवा वॉर्डात आई बँकवाल्याजवळ जाऊन बसली. मी झोपल्याचं सोंग केलं होतं. तिने त्याला विचारलं, तुम्ही काय केलं असतं? त्याने चालू मीटिंग बंद केली. मग म्हणाला, ‘मी नाही म्हटलं असतं. माझं बरं चाललंय. पण माझ्याशी जुळणारं कुणी सापडलंच नाही, त्यामुळे मला कुणी विचारलंच नाही. तिला विचारलंय. ते उत्तर तिचं तिला देऊ द्या.’

आईने पर्समधून चष्मा काढला, पुसला, घातला, आणि सिस्टरकडे जाऊन सहीचे कागद मागितले. वाचले नाहीत. चष्मा नुसताच घातला होता.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला काचेच्या खोलीत ठेवणार. केस जातील. पुढे कधी मूल होईल की नाही तेही सांगता येत नाही म्हणाले, त्याचा विचार मी एक अख्खी दुपार केला, मग थांबवला. मला भीती वाटते मावशी. हे मी आईला सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण तुला पाणी द्यायला मला इतक्या लांब येता येणार नाही.

मुंगी

*

१९ सप्टेंबर

मुंगे,

ताई म्हणाली की कागद आत नेऊ देत नाहीत, ती काचेपलीकडून फोनवर तुला वाचून दाखवील. ताई, वाचताना मधले शब्द गाळू नकोस, ओळखते मी तुला.

मी रक्त द्यायला गेले होते. इतकी वर्षं तू घेतेस आणि मी एकदाही दिलं नव्हतं. सुईची भीती हे एकच कारण, बाकी सगळ्या सबबी. खुर्चीत बसले, हातात चेंडू दिला, दाबत राहा म्हणाले. समोरच्या बाईने सहज विचारलं, काय करता? मी म्हटलं, व्हॅम्पायरची मालिका लिहिते. त्यानंतर तिने पाकिटातून सुई बाहेर काढली आणि मी आडवी झाले. शुद्धीवर आले तेव्हा चार माणसं माझ्यावर वाकून हसू दाबत होती. एक जण म्हणाला, मॅडम, पिशवीत दोन चमचे तरी येऊ द्यायचे होते.

पुढच्या आठवड्यात परत गेले. डोळे मिटून दंड खालून वर चोळत राहिले, त्यांनी सांगितलं की देताना चोळायचं नसतं. पण पिशवी भरली. तुला ती मिळणार नाही, शहरच वेगळं आहे. कुणाला तरी मिळेल. घरी येताना कोपराला बोळा होता, पण कुणी मला आधी रस्ता ओलांडू दिला नाही.

तोंडाकडे न बघता बोल म्हणालीस. बोलते. तू आत गेलीस ते बरोबर केलंस. मी तुझ्या जागी असते तर गेले नसते, मी सुईला घाबरून आडवी होणारी बाई. म्हणून मला तुझा हेवा वाटतो, आणि झोप लागत नाही. दोन्ही खरं आहे.

मावशी

*

१४ ऑक्टोबर

धाकटे,

थोडक्यात लिहिते, पुन्हा वर जायचं आहे.

दिलेला मगज रुजेल रुजेल म्हणता म्हणता ताप चढला. तोंड आतून सोललं, तिला थुंकी गिळता येईना. तीन-चार दिवस ती मला ओळखत होती की नाही, सांगता येत नाही. मी काचेपाशी बसून तुझं पत्र वाचायची. मी काही गाळलं नाही. आडवी झालीस तिथे तिचा ओठ हलला, असं मला वाटलं, सिस्टर म्हणाल्या तसं काही नाही. मी तेवढा भाग पुन्हा वाचला.

काल रात्री तुमचा शेवटचा भाग होता. ताप नुकता उतरला होता. तिने खूण करून टीव्ही लावायला सांगितला. चुंबन, ऊन, व्हायोलिन, सगळं होतं. मला राग आला, उठून बंद करावंसं वाटलं. मुंगीकडे बघितलं, तर ती रडत होती आणि अंगठा वर करून मला दाखवत होती. तिला आवडलं गं. छान होता म्हणून लिहून कळव, असं तिने पाटीवर लिहून दाखवलं. तू उगाच सोडलास तो भाग.

आज सकाळी डॉक्टरांनी सांगितलं की पेशी वाढायला लागल्या आहेत. इतक्यात आनंद करू नका म्हणाले. मी करत नाही. तूही करू नकोस.

आणि एकदा येऊन जा. मी नको म्हटलं होतं, आता ये म्हणते. मी एकटी पडले आहे.

ताई

*

२७ मे

प्रिय मावशी,

तू तीनदा येऊन गेलीस, फोन रोज असतो, तरी हे पत्रानेच सांगायचं ठरवलं. फोनवर तू मधे मधे बोलतेस.

आधी तब्येत. शेवटचं रक्त चढवून सहा महिने झाले. लोखंड काढायचं औषध अजून आहे, महिन्याला तपासणी आहे, तोंडावरचा मास्क गर्दीत सुटलेला नाही. केस आलेत, पण कुरळे. आणि माझा रक्तगट बदलला. देणाऱ्याचा होता तोच आता माझा. शाळेच्या ओळखपत्रावरचा, आईच्या पाकिटातल्या चिठ्ठीवरचा, सगळीकडचा गट खोटा ठरला. देणाऱ्याचं नाव सांगत नाहीत, मीही माझं सांगायचं नाही. हॉस्पिटलमार्फत बिननावाची चिठ्ठी पाठवता येते. पाठवली. काय लिहिलं ते तुला सांगणार नाही, तू वापरशील.

रक्ताचा दिवस नसतो तेव्हा काय करावं ते मला कळत नाही. एकदा नुसतीच वॉर्डात गेले. माझ्या खुर्चीत दुसरीच मुलगी झोपली होती. बँकवाल्याने हेडफोन काढून माझे कुरळे केस बघितले आणि म्हणाला, तू आता आमच्यातली राहिली नाहीस. चेष्टेत म्हणाला. बरं होताना हेही जातं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता खरी गोष्ट. काल आई हिशेबाला बसली होती आणि मला काउंटरवर बसवलं होतं. समोरून माझी मैत्रीण गेली, मी दोन मिनिटांसाठी म्हणून रस्त्यापलीकडे गेले. गप्पा रंगल्या. दुकान उघडंच. परत आले तर पुढच्या फळीवरच्या सगळ्या नव्या फ्रेमी गायब, आणि आई दारात उभी.

मावशी, तिने मला जे झोडपलं. तोंडाने. अक्कल कुठे ठेवलीस, घोडी झालीस तरी पोच नाही, बापाच्या बोटांची सालं निघतात काचा घासून आणि तू रस्त्यावर खिदळतेस. दोन गिऱ्हाइकं दारातून परत फिरली. मागच्या खोलीतलं बाबांचं यंत्र थांबलं. आईचा चेहरा लाल, पदर सुटलेला, बोट माझ्या नाकासमोर. माझ्या आठवणीत ती माझ्यावर अशी कधीच ओरडलेली नाही. मी काहीही सांडलं, फोडलं, विसरले, तरी ती आधी माझ्या ओठांचा रंग बघायची आणि मग असू दे म्हणायची.

मधेच तिच्याही ते लक्षात आलं असावं. वाक्य अर्धं तोडून ती थांबली. बोट खाली आलं. तिची नजर माझ्या ओठांवर गेली.

मी म्हटलं, ‘थांबू नकोस. बोल.’

मग तिने पदर खोचला, आणि जेवणं होईपर्यंत बोलली.

तुझी,
मुंगी